न रडणारी माणसं : जुन्या ब्रिटिश मालिकांमधला शोक

नीलमोहर

जुन्या ब्रिटिश मालिका आवडणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. घरातलं माणूस गेल्यावर त्या मालिकांमधली पात्रं कशी वागतात, यावर मला बोलायचं आहे.

'कॉरोनेशन स्ट्रीट'पासून सुरुवात करते. नोव्हेंबर १९८४. मँचेस्टरकडच्या एका काल्पनिक कामगार वस्तीची ही मालिका १९६० च्या डिसेंबरात सुरू झालेली. तिच्यातली हिल्डा ऑग्डेन म्हणजे डोक्याला कर्लर, अंगात कामाचा झगा, रोव्हर्स रिटर्न पबची साफसफाई करणारी आणि गल्लीतली एकही बातमी न सोडणारी बाई. नवरा स्टॅन अंगचोर, बिअरचा भोक्ता. प्रेक्षक वीस वर्षं या जोडप्याला हसत आले होते. स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड यूअन्स त्या ऑगस्टमध्ये वारले, त्यामुळे मालिकेतल्या स्टॅनलाही निरोप द्यावा लागला. अंत्यविधीला हिल्डा खंबीर असते. आल्यागेल्याशी बोलते, सगळ्यांचं करते. घर रिकामं झाल्यावर स्टॅनच्या वस्तूंचं हॉस्पिटलातून आलेलं पुडकं ती सोडायला घेते. त्यातून त्याचा चष्मा निघतो. इतका वेळ ताठ उभी असलेली ती बाई तिथे मोडून पडते. जीन अलेक्झांडर यांना या कामासाठी रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला. मला तर वाटतं, टीव्हीवर शोक कसा दाखवावा हे शिकायचं असेल तर एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

कारण तिचं रडणं चष्मा निघेपर्यंत थांबून राहिलेलं होतं. ते तिथवर नेणं हे लेखक, दिग्दर्शक आणि नटी या तिघांचं कसब. आपण सहज म्हणतो की इंग्रज माणूस भावना दाबतो. या मालिका बारकाईने पाहिल्या तर मला वेगळंच दिसतं. त्यांतली माणसं शोक लांबणीवर टाकतात, आणि तो लांबणीवर टाकायला त्यांना हाताशी काहीतरी काम लागतं. चहा ठेवायचा, टेबल मांडायचं, तार करायची, पडदे ओढायचे. उत्तम मालिकेत ते काम नेमकं निवडलेलं असतं.

'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' घ्या. १९७१ ते १९७५, लंडनमधलं १६५ ईटन प्लेस, वरच्या मजल्यांवर बेलामी कुटुंब, तळघरात नोकरमंडळी. लेडी मार्जरी १९१२ साली मुलीला भेटायला अमेरिकेला निघते आणि टायटॅनिकबरोबर बुडते. जहाज बुडताना आपल्याला दाखवलेलंच नाही. आपण घरातच असतो. आणि एक दिवस तिची दासी रॉबर्ट्स, जी बोटीतून वाचलेली असते, सैरभैर अवस्थेत परत येते. मालकिणीच्या दागिन्यांची पेटी तिने घट्ट धरलेली असते. पेटी सांभाळणं हे तिला नेमून दिलेलं काम, तेवढं एकच तिच्यात शिल्लक आहे. पॅट्सी स्मार्ट या नटीने ते असं केलंय की बुडणारं जहाज दाखवायची गरजच उरत नाही.

याच मालिकेत पुढे रोझ, घरातली जुनी मोलकरीण, पहिल्या महायुद्धाच्या काळात बसची कंडक्टर होते. तिचा होणारा नवरा ग्रेगरी, ऑस्ट्रेलियन, आघाडीवर मारला जातो. धाकटी मालकीण हेझल युद्ध संपता संपता इन्फ्लुएंझाने जाते. प्रत्येक वेळी घर चालू राहतं, घंटा वाजली की कुणीतरी वर जातं. या मालिकेचे पटकथा संपादक आल्फ्रेड शॉनेसी यांचे स्वतःचे वडील १९१६ साली फ्रान्समध्ये मारले गेले होते. मुलगा जन्मला तोवर वडील राहिलेच नव्हते. हे कळल्यावर युद्धकाळावरचा चौथा भागसंच मी पुन्हा पाहिला आणि त्यातल्या शांततेचा अर्थ मला जास्त कळला.

तुम्हाला आठवणारे प्रसंग लिहा. हा संयम कुठे फसला असं वाटत असेल तर तेही लिहा, ते जास्त महत्त्वाचं.

तिसरी_घंटा

छान धागा. तुम्ही लेखनाच्या बाजूने लिहिलंत, मी नटाच्या बाजूने लिहितो. प्रायोगिक रंगभूमीवर आयुष्य गेलं, म्हणून या मालिका मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

त्या काळातली बहुतेक ब्रिटिश नाटकं आणि मालिका स्टुडिओत एकाच वेळी तीन-चार कॅमेरे लावून होत. तालमी चर्चच्या सभागृहात किंवा तसल्याच एखाद्या हॉलमध्ये, मग स्टुडिओत येऊन एक-दोन दिवसांत ध्वनिचित्रण उरकायचं. बीबीसीच्या स्टुडिओत रात्री दहाला काम थांबायचं म्हणजे थांबायचं. सुरुवातीच्या व्हिडिओ टेपवर कापाकापी करणं महाग आणि किचकट. त्यामुळे प्रवेश सुरू झाला की सहा-सात मिनिटं सलग ओढून न्यायचा, रंगमंचावर नेतो तसाच. आता विचार करा, दुसऱ्या मिनिटाला नट खरंच हुंदके द्यायला लागला तर सहाव्या मिनिटाचं वाक्य तो बोलणार कसं? घसा भरला की शब्द फुटत नाहीत. म्हणून नट रडू डोळ्यांपर्यंत आणून तिथे धरून ठेवायला शिकले. वर कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ, घरातला पडदा लहान. पापणी हलली तरी दिसे. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेल्या नटाला हे सगळं उलटं शिकावं लागलं.

आणि एक घटना सांगतो. ३० नोव्हेंबर १९५८. आयटीव्हीच्या 'आर्मचेअर थिएटर'मध्ये 'अंडरग्राउंड' नावाचं नाटक थेट प्रक्षेपित होत होतं. लंडनवर अणुबॉम्ब पडलाय आणि काही माणसं भुयारी रेल्वेत अडकली आहेत अशी कथा. गॅरेथ जोन्स नावाचा तरुण नट दोन प्रवेशांच्या मधे हृदयविकाराने कोसळला आणि गेला. नाटक चालूच राहिलं. दिग्दर्शक टेड कोचेफ यांनी बाकीच्यांना घेऊन ते शेवटपर्यंत नेलं. त्याच्या वाट्याचं जे होतं ते इतरांनी कसंबसं जुळवून घेतलं. ज्याच्याबरोबर दुपारी तालीम केली तो बाजूच्या खोलीत मरून पडलाय आणि आपण कॅमेऱ्यासमोर उभे आहोत. या गोष्टीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला ते जमत नाही. त्या नटांचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं. पण ज्या पिढीच्या अभिनयाचं आपण इथे बोलतोय ती अशा शिस्तीत घडली, हे विसरता येत नाही.

मुक्काम_लीड्स

दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरी मला थोडं भांडायचं आहे.

मी इथे इंग्लंडात नर्सचं काम केलं, आता निवृत्त आहे. वॉर्डात कुणी गेलं की नातेवाईक काय करतात हे जवळून पाहिलंय. बरेच जण आधी आमचे आभार मानतात. मग विचारतात की आता कुठल्या कागदावर सही करायची. बायको नवऱ्याच्या चपला पिशवीत भरायला लागते. तेव्हा नीलमोहर जे कामाबद्दल म्हणते ते अगदी खरं आहे, मालिकावाल्यांनी ते आयुष्यातूनच उचललंय.

पण 'ब्रिटिश संयम' असं एक गाठोडं करू नका. कोण गप्प बसतं आणि कोण ओरडतं हे तिथे बरंचसं वर्गावर ठरतं. ईटन प्लेसमध्ये वरची माणसं रडत नाहीत कारण नोकरांसमोर रडायचं नसतं. खालची रडत नाहीत कारण वरून घंटा वाजेल. दोघांची कारणं वेगळी आहेत, आणि हे त्या मालिकेने फार चांगलं दाखवलंय.

आता 'कॅथी कम होम' पाहा. १६ नोव्हेंबर १९६६, बीबीसी, दिग्दर्शन केन लोच, लेखन जेरेमी सँडफर्ड. तरुण जोडपं, नवऱ्याला कामावर अपघात, घर जातं, मग एकातून दुसऱ्या आसऱ्याला. शेवटी रेल्वे स्टेशनात अधिकारी येऊन कॅथीच्या कुशीतून पोरं ओढून नेतात. कॅरल व्हाइट तिथे जो आकांत करते तो मी आजही एका बैठकीत पाहू शकत नाही. तिथे कसला आलाय संयम! खरं स्टेशन, खरी गर्दी, हातातला कॅमेरा. हे नाटक त्या रात्री सुमारे एक कोटी वीस लाख लोकांनी पाहिलं असं सांगतात आणि बेघरांच्या प्रश्नावर देशभर चर्चा पेटली. लोचना कॅथीला गप्प ठेवता आलं असतं. त्यांनी तिला ओरडू दिलं, कारण तिचं दुःख तिच्या एकटीचं नव्हतं, कुणीतरी तिच्यावर लादलेलं होतं. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने का म्हणून खालच्या आवाजात बोलायचं?

पानगळ

+१ मुक्काम_लीड्स. यात काळाचाही भाग आहे.

इंग्रज पहिल्यापासून असे होते ही समजूतच चुकीची. प्रिन्स अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये गेले, त्यानंतर राणी व्हिक्टोरियाने मरेपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. त्या काळात विधवेने किती महिने कुठलं कापड वापरायचं, चिठ्ठीच्या कागदाला काळी किनार किती रुंद हवी, सगळं ठरलेलं. सुतकाचे नियम आपल्याकडे असतात तितकेच तपशीलवार. शोक हा लोकांनी पाहण्यासाठीच होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. १ जुलै १९१६ या एका दिवसात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असं सरकारचं धोरण. म्हणजे घरोघरी मृत्यू आणि अंत्यविधी कुठेच नाही. प्रत्येक बाई काळ्यात असेल तर काळं नेसून सांगायचं कुणाला? ११ नोव्हेंबर १९१९ ला देशाने एकत्र शोक केला तो दोन मिनिटं गप्प उभं राहून. मला वाटतं, टीव्हीवरची ती सगळी गप्प माणसं त्या दोन मिनिटांतून आली आहेत.

मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यांनी १९६५ साली ब्रिटनमधल्या शोकाच्या रीतींवर पुस्तक लिहिलं. त्यांचे वडील १९१५ साली लुसिटानिया जहाज बुडालं त्यात वारले, तेव्हा घराने रीतसर सगळं पाळलं होतं. १९६१ साली भाऊ कॅन्सरने गेला तर आसपासच्या लोकांना काय बोलावं तेच कळेना, माणसं टाळायला लागली. एका आयुष्यात एवढा फरक. गोरर यांचा निष्कर्ष असा की रीती गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही, शोक करणारा एकटा पडला. हे पुस्तक आलं तेव्हा 'कॉरोनेशन स्ट्रीट' पाच वर्षांची होती आणि दोन वर्षांनी बीबीसीवर 'फोरसाइट सागा' लागली. म्हणजे ज्या समाजाला शोक कसा करावा हे उमजत नव्हतं, तो समाज संध्याकाळी या मालिकांमधल्या लोकांचा शोक पाहत होता. 'अपस्टेअर्स'चा टायटॅनिकचा भाग १९७३ चा, त्यात काळे कपडे, रीतिरिवाज सगळे आहेत. प्रेक्षकांना त्या रीतींचीच ओढ लागली असेल असं मला फार वाटतं.

निळी_पेटी

नीलमोहर, संयम कुठे फसला असं विचारलंत ना? 'डॉक्टर हू', म्हणजे काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची विज्ञानकथा मालिका, १९८२.

'अर्थशॉक' या कथेच्या चौथ्या भागात एड्रिक मरतो. हा डॉक्टरबरोबर फिरणारा पोरगा, गणितात हुशार, जरा हेकट. तो ज्या जहाजात अडकलाय ते पृथ्वीवर आदळतं आणि डॉक्टर आणि त्याच्या सोबतिणी निसा, टीगन तिघं पडद्यावर बघत राहतात, काही करू शकत नाहीत. त्या दिवशी नामावलीवर नेहमीचं संगीत वाजलंच नाही. त्याचा मोडका बिल्ला आणि शांतता. लहान मुलंही पाहायची अशा मालिकेत हे करायला धाडस लागतं. इथपर्यंत नीलमोहर म्हणतात तसंच.

पण पुढची कथा 'टाइम-फ्लाइट' सुरू होते तेव्हा टीगन म्हणते, मागे जाऊन त्याला वाचवू या. डॉक्टर कडक शब्दांत नाही म्हणतो. आणि थोड्याच वेळात त्यांना बरं वाटावं म्हणून १८५१ चं लंडनचं भव्य प्रदर्शन बघायला जायचा बेत ठरतो! त्यानंतर विमानं, मांत्रिक, पळापळ. एड्रिक संपला. याला मी संयम म्हणणार नाही. पुढच्या गोष्टीला जागा हवी होती म्हणून शोक झटकून टाकला. आणि 'अर्थशॉक'चं दिग्दर्शन करणारे पीटर ग्रिमवेड हेच 'टाइम-फ्लाइट'चे लेखक, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं.

याच मालिकेत हेच किती सुंदर जमलं होतं ते सांगतो. १९६७, 'टूम ऑफ द सायबरमेन'. डॉक्टरबरोबर फिरणाऱ्या व्हिक्टोरिया या मुलीचे वडील आधीच्या कथेत वारलेत. रात्री सगळे झोपलेत, ती जागी आहे. पॅट्रिक ट्रॉटन यांचा डॉक्टर तिच्याशी बोलत बसतो. ती त्याला त्याच्या घरच्यांबद्दल विचारते. तो सांगतो की आठवायचं ठरवलं तर ते आठवतात, एरवी ते मनात निजलेले असतात, आणि तुझंही असंच होईल. फार तर दोन-तीन मिनिटांचा संवाद असेल. दोघांपैकी कुणी रडत नाही. बाहेर राक्षस आहेत, थडगी आहेत, तरी कथा त्या मुलीसाठी थांबते. 'टाइम-फ्लाइट'मध्ये कथा थांबत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. या कथेच्या प्रती वर्षानुवर्षं हरवलेल्या होत्या, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगहून मिळाल्या. हा प्रसंग कायमचा गेला असता या विचाराने मला आजही धस्स होतं.

नीलमोहर

निळी_पेटी, 'कथा थांबते' हे तुमचं निरीक्षण फार आवडलं, मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. पात्र रडो वा न रडो, मालिकेने वेळ दिला पाहिजे.

मुक्काम_लीड्सताई, कॅथीबद्दल पूर्ण मान्य. पण तिथेही बघा, त्या आकांताआधीचा सगळा काळ ती काही ना काही करतच असते. घर शोधते, खेटे घालते, अर्ज करते. लोच तिच्या हातातलं एकेक काम काढून घेतात आणि मगच ती ओरडते. हिल्डासारखंच ते शेवटपर्यंत नेलंय, फक्त हिल्डाला आपलं स्वयंपाकघर होतं आणि कॅथीला तेही नाही.

कृष्णाकाठ

इतकं बोलणं झालं आणि 'ज्वेल इन द क्राउन'चं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. ग्रॅनडा टेलिव्हिजनची मालिका, १९८४, चौदा भाग, पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरून. माझं आजोळ कुंडलच्या बाजूचं, बेचाळीसच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्यामुळे १९४२ पासून सुरू होणारी ही मालिका मी अलिप्तपणे पाहूच शकत नाही.

सुरुवातीच्या भागांतच मिस क्रेन ही मिशनच्या शाळांची म्हातारी होत आलेली पर्यवेक्षिका आणि शिक्षक मिस्टर चौधरी गाडीतून येत असतात. जमाव अडवतो. चौधरी तिला वाचवायला जातात आणि मारले जातात. ती परत त्यांच्यापाशी येते आणि भर पावसात, रस्त्याच्या कडेला, त्यांचा हात हातात घेऊन बसते. आता आपल्या हातून काही होण्यासारखं नाही, एवढंच तिच्या बोलण्यात येतं. पुढे ती पांढरं लुगडं नेसून स्वतःला जाळून घेते. जेनेट हेनफ्री या नटीने ही बाई अशी उभी केली आहे की आयुष्यभर मिशनमध्ये कोरडी राहिलेली ती बाई मरताना मात्र इथल्या विधवेचं रूप घेते. ते योग्य की अयोग्य यावर मी खूप विचार केला. मला ते खटकतंही आणि हलवूनही जातं. आयुष्यभर ज्या लोकांत राहिली त्यांच्यासाठी दुःख करण्याची एकही रीत तिच्या स्वतःच्या समाजाने तिला दिलेली नव्हती.

पण या मालिकेतला खरा संयम कुणाचा आहे? हरी कुमारचा. इंग्लंडात चिलिंगबरोच्या शाळेत शिकलेला, आतून बाहेरून इंग्रज झालेला भारतीय मुलगा. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज तरुणीवर बलात्कार होतो आणि पोलीस अधिकारी मेरिक त्याला अडकवतो. डॅफ्नीने घातलेल्या शपथेखातर हरी तोंड उघडत नाही, कोठडीतले हालही सांगत नाही. पुढे तुरुंगात त्याची चौकशी होते. एक खोली, टेबल, प्रश्न आणि उत्तरं. डॅफ्नीची काकू लेडी मॅनर्स आडून पाहते आहे हे त्याला माहीत नाही. आणि डॅफ्नी बाळंतपणात गेली हे त्याला त्या खोलीत, परक्या माणसाच्या तोंडून कळतं. आर्ट मलिक यांचं काम तिथे पाहा. भाषा अस्खलित, आवाज ताब्यात, वाक्य पूर्ण. ज्या इंग्रजांनी त्याला हा संयम शिकवला तेच समोर बसलेत आणि त्यांना त्याचं मोल कळत नाही. त्याला एक प्रकारचा उर्मटपणा समजलं जातं.

आमच्याकडे आजी सांगायची की भूमिगत गेलेल्या माणसाचं नावही घरात मोठ्याने घ्यायचं नाही, बाहेर कोण ऐकतंय कुणास ठाऊक. गप्प राहण्याची सक्ती असते तेव्हा त्याला संस्कृती म्हणू नये असं मला वाटतं. हरीचं गप्प राहणं अर्धं प्रेमाचं आणि अर्धं सक्तीचं आहे, आणि मालिका त्यातलं एकही लपवत नाही. म्हणून तिचं मोठेपण.

ओळखदेख

माझ्याकडून एकच. 'इन्स्पेक्टर मोर्स' ही पोलीस तपासाची मालिका, शेवटचा भाग, नोव्हेंबर २०००. तेरा वर्षं हाताखालचा सार्जंट लुईस मोर्सला 'सर' म्हणत आला, मोर्स त्याच्यावर खेकसत आला. मोर्सच्या देहापाशी लुईस वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि निरोप देतो, तेव्हाही 'सर' म्हणूनच. जॉन थॉ आणि केव्हिन व्हेटली. माझे वडील आणि मी एकत्र पाहायचो ही मालिका. त्या भागानंतर वडील काही न बोलता फिरायला गेले.

सावळी

सगळं वाचलं, सगळं आवडलं, आणि तरी एक काटा टोचतोय. न रडणाऱ्या बाईला आपण इतकं वरचं स्थान देतो की तिच्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं हे राहून जातं. आपल्याकडेही समाचाराला गेलेली माणसं येऊन सांगतातच की, 'काय धीराची आहे हो, डोळ्यातून पाणी नाही काढलं.'

ॲलन बेनेट यांच्या 'टॉकिंग हेड्स'मधलं 'सोल्जरिंग ऑन' पाहा. १९८८, बीबीसी. अख्खी गोष्ट एकच बाई कॅमेऱ्याकडे बघत सांगते. म्युरिएल, सुखवस्तू, नवऱ्याचा अंत्यविधी नुकताच झालाय. स्टेफनी कोल यांचं काम. ती टापटिपीत बोलते, पाहुण्यांचं कसं केलं ते सांगते, लोकांना तीच धीर देते. मग हळूहळू कळत जातं की मुलगा तिच्या पैशांचे व्यवहार हाती घेतो आणि सगळं घालवतो. मुलगी मनाने आजारी आहे, आणि त्या आजाराचं मूळ गेलेल्या वडिलांपर्यंत जातं. म्युरिएल त्या दिशेला पाहतच नाही. शेवटी समुद्राकाठच्या एका गावात लहानशा खोलीत एकटी. तरी आपल्याला सांगते की माझी कहाणी करुण समजू नका, मी त्यातली नव्हे.

नीलमोहर, तुझं 'काम' इथेही आहे. म्युरिएल सतत काहीतरी आवरते आहे. पण इथे ते आवरणं शोक पुढे ढकलत नाही, ते सत्य पुढे ढकलतं. आणि तिची मुलगी त्याखाली चिरडली गेली आहे. बेनेट तिच्यावर राग धरत नाहीत, मलाही धरवत नाही. पण तिचं कौतुकही करवत नाही.

मुक्काम_लीड्स

सावळी, अगदी अगदी. मी अशा कितीतरी म्युरिएल पाहिल्या आहेत. नवरा जाऊन वर्ष झालं तरी 'मी ठीक आहे' म्हणतात आणि मग कसल्याशा दुखण्यासाठी डॉक्टरकडे येत राहतात. त्यांना कुणी शेजारी बसून विचारलं की तासभर बोलतात.

नीलमोहर

सावळी, तुझा मुद्दा मी पूर्ण मानते. आवरणं दोन्ही करू शकतं, आणि लेखकाला ते कुठलं आहे हे ठाऊक हवं. बेनेट यांना ठाऊक आहे. पुष्कळ कमी प्रतीच्या मालिकांमध्ये ते नसतं, तिथे गप्प बसणं म्हणजे आपोआप खानदानीपणा. असला संयम मला खोटा वाटतो, मग कपडे आणि घर कितीही देखणं असो.

पानगळ यांनी युद्धाचं लिहिलं, म्हणून 'टेस्टमेंट ऑफ यूथ' सुचवते. बीबीसी, १९७९, पाच भाग. व्हेरा ब्रिटन यांच्या आत्मकथेवरून एलेन मॉर्गन यांनी लिहिलेली, व्हेराच्या भूमिकेत शेरिल कॅम्बेल. खऱ्या आयुष्यातली गोष्ट अशी की व्हेरा १९१५ च्या नाताळात ब्रायटनच्या हॉटेलात होणारा नवरा रोलंड याची वाट पाहत होती, तो रजेवर येणार होता. २६ डिसेंबरला फोन आला तो त्याचाच असेल म्हणून ती धावली. तो २३ तारखेलाच जखमांनी गेला होता. पुढे त्याचं सामान घरी आलं, चिखलाने आणि रक्ताने भरलेले कपडे, आणि त्या कपड्यांच्या वासाबद्दल तिने भावाला पत्रात लिहिलं. त्यानंतर ती कामावर परत गेली, युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करायला, पुढे फ्रान्समध्ये जर्मन कैद्यांचीसुद्धा. भाऊही १९१८ मध्ये गेला. तिने या सगळ्यावर पुस्तक लिहिलं ते १९३३ साली. तोवर तिचा शोक संताप झाला होता, युद्धाविरुद्ध बोलत ती गावोगाव फिरत होती. सावळी, म्युरिएलच्या अगदी समोरची बाई आहे ही. काम तिनेही केलं, पण नंतर सगळं उघड बोलली.

तिसरी_घंटा

या धाग्याचा मला थेट उपयोग होणार आहे. तरुण नटांचं एक शिबिर घेतो, त्यात शोकाचा प्रवेश आला की पोरं आधी रडून घेतात आणि मग संवाद शोधतात. या वेळी त्यांना चष्म्याचं पुडकं आणि दागिन्यांची पेटी हे दोन्ही प्रसंग दाखवीन. मग प्रत्येकाला हाताला एक काम देईन आणि सांगीन, हे काम पूर्ण झाल्याशिवाय रडायचं नाही. दुसऱ्या दिवशी 'कॅथी'चा शेवट दाखवीन, नाहीतर त्यांना वाटेल गप्प बसणं म्हणजेच अभिनय.

कामं कुठली द्यावीत ते सुचवा. चहा करणं नको, ते सगळेच करतात. मुक्काम_लीड्सताई, तुम्ही चपला पिशवीत भरणाऱ्या बाईचं लिहिलंत, ते पहिलं घेतो. आणखी असं काही पाहिलं असेल तर जरूर लिहा.

मुक्काम_लीड्स

एक गृहस्थ बायकोच्या उशाशी ठेवलेलं शब्दकोडं सोडवत बसले होते. तिचं अर्धं झालेलं. आम्ही थांबलो, त्यांना घाई केली नाही. दुसरी एक मुलगी, आईच्या फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत ते कागदावर उतरवून घेत होती, प्रत्येक नावापुढे 'कळवलं' असं लिहायला जागा सोडून. हे दुसरं द्या तुमच्या शिबिरात. एका-दोघांना खरंच फोन लावायला सांगा, पलीकडून कुणीतरी 'कशी आहे गं आई?' असं विचारेल असं ठरवून ठेवा.